तीन रेघांचं पोतं

केवळाबाईनं पदर मागं सारून डोकं पुढं केलं, अमरेशनं त्याच्यावर हात ठेवला, डोळे मिटून प्रार्थना केली, आमेन म्हणला, अन् हात उचलायला गेला तर म्हातारीचे चार केस हाताला गुंतून वर आले.

"अगं माय गं! पास्टर, हात हाय का खरारा?"

सगळं चर्च हसलं. चर्च म्हंजे काय, पत्र्याचं शेड, खाली सतरंजी, अकरा घरची माणसं. केवळाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिला माणसं कळायची ती आवाजावरनं अन् हातावरनं. तिनं अमरेशचा हात सोडलाच न्हाई, अंगठ्यानं तळवा चाचपत बसली. तळव्यावर फोड होते. फुटलेले, त्याच्यावर परत आलेले, मधीमधी मोडलेल्या काट्याचे काळे ठिपके.

"विहिरीचा दोर ओढला जरा, माय."

"कोणच्या विहिरीचा? वस्तीला नळ येऊन दोन वरीस झाले की."

परत हशा. पुढं बसलेला श्रीमंत मात्र हसला न्हाई. श्रीमंत हे त्याचं नाव, चर्चचा पंच, त्याच्याकडं पिकअप गाडी, गावोगावचा माल चाकूरच्या मोंढ्यावर विकायला नेऊन टाकायचा. तो पँटीची घडी सरळ करत म्हणला, "पास्टर, पुढच्या रविवारी हंगामाचा सण हाय. नांदेडहून संस्थेचे वैजनाथ सर येऊन राहिले. दरसाल आम्हीच आणतो, तुम्ही घेता. यंदा तरी देणारा हात दिसू द्या तुमचा."

अमरेशनं दोन्ही हात खिशात घातले अन् शेवटचा आशीर्वाद तसाच दिला. खिशात हात घालून आशीर्वाद देणारा पास्टर वस्तीनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

आता खरी गोष्ट अशी होती की अमरेश चोरून मजुरीला जायचा.

नांदेडची संस्था त्याला महिन्याची मदत द्यायची अन् चर्चच्या मागची खोली राहायला. त्याच्या बदल्यात एका कागदावर सही घेतलेली. पाळक पूर्णवेळ सेवा करील, दुसऱ्या कोणत्याच रोजगाराला हात लावणार न्हाई, लावला तर मदतही बंद अन् खोलीही खाली. अमरेशनं कागद मोडला नसता हो, पण आषाढापासून मदतच आली न्हाई. फोन केला की सर म्हणायचे, "वरून आली नाही, ब्रदर. विश्वास ठेवा." वस्तीत रीत होती की दर घरची बाई पीठ मळताना एक मूठ पास्टरसाठी डब्यात टाकायची. सुगीच्या तोंडाला घरोघर कणग्या खाली झाल्या तशी मूठ बारीक होत गेली, मग चिमूट झाली, मग त्या चिमटीत पोरकिडे निघायला लागले. रूपाली, त्याची बायको, चाळणीत किडे बघायची अन् काही न बोलता चाळणी बाहेर झटकायची. ती म्हणली होती, मी जाते कामाला. तर अमरेशच म्हणला, "पास्टरीणबाई मजुरीला गेली तर वस्ती थुंकंल."

म्हणून तो वस्तीला घरभेटीला जातो सांगून तांबडं फुटायच्या आत सायकल काढायचा, पिशवीत वर बायबल, खाली विळा. दोन कोसावर गुरुबसप्पाचं सोयाबीन होतं. सहा जणांनी काढणीचं गुत्तं, म्हंजे ठेका, घेतलेलं, गुत्त्याची मुकादम शकिला, चाकूरची, तोंडानं फटकळ अन् हातानं त्याच्याहून फटकळ.

सोमवारी गुरुबसप्पा बांधावर उभा राहून वर बघत होता. कपाळाला विभूतीच्या तीन रेघा, हातात मोबाईल, मोबाईलमधी ढग.

"शनवारी पाऊस सांगितलाय. शुक्रवारपर्यंत सगळं कापून ढीग रचून बनीम लागली पाहिजे. न्हाई लागली तर रुपया मिळत नसतो, आत्ताच सांगून ठेवतो."

शेंगा वाळून नुसत्या खिळ्यावानी झालेल्या. मूठ आवळली की टोकं तळव्यात घुसायची, विळा ओढला की मोडून आतच राहायची. बाकीच्यांनी हाताला जुने पायमोजे बांधलेले, अमरेशकडं पायमोजे होते ते रविवारचे, एकच जोड, ते कसे बांधावे? वाकून वाकून कंबर अशी धरली की दुपारी सरळ व्हायला तो पहिल्यांदा गुडघ्यावर टेकायचा, मग बांधाला धरून उठायचा. शकिला बघायची अन् ओरडायची, "अमरेशभाई, नमाज कशाला पढतोस रे मधीच? तू तर आमच्यातला बी न्हाईस!"

ती अन् गुरुबसप्पा, दोघांनाही तो पास्टर हाय ते ठाऊक नव्हतं. त्यांना इतकंच ठाऊक की हा गडी कमी बोलतो अन् जेवायच्या आधी पुटपुटतो.

त्यात त्याच्या खिशातला फोन बोलायला लागला. पाळकांच्या ग्रुपवर वैजनाथ सरांचा आवाज रोज यायचा, अन् त्या दिवशी खिशातच अंगठा लागला असंल, आवाज एकदम मोठा. "प्रिय पाळक बंधूंनो! जो पाळक पोटासाठी दुसरीकडं हात पसरतो, त्यानं देवाचा हात सोडलेला असतो! तंगी ही परीक्षा आहे! हसत राहा!"

"हा कोण रे?" शकिला म्हणली.

"रेडिओ हाय."

"हसत राहा म्हणतो. त्याला म्हणावं ये इकडं, एक तास विळा धर."

शुक्रवारी दिवस मावळायला बनीम लागली, वर ताडपत्री पडली, कोपऱ्याकोपऱ्याला दगड ठेवले. एका तुकड्याची मळणी आधीच झाली होती. गुरुबसप्पानं सगळ्यांना बोलावलं अन् म्हणला, मोंढ्यावर माल गेल्याशिवाय हातात पैसा न्हाई, सध्या ज्याला पाहिजे त्यानं अर्ध पोतं सोयाबीन न्यावं, बाकीचा हिशेब दिवाळीनंतर. अमरेश म्हणला, नेतो.

पोतं सायकलीवर बांधायच्या आधी त्यानं एक काम केलं. गुरुबसप्पाच्या दर पोत्यावर निळ्या ऑईलपेंटच्या तीन आडव्या रेघा असायच्या, कपाळावर तशाच, म्हंजे मोंढ्यावर माल अदलाबदल होऊ नये. अमरेशनं सोयाबीन ताडपत्रीवर ओतलं, पोतं उलटं केलं, रेघा आत घातल्या, अन् परत भरलं.

घरी रूपालीनं पोत्याला हात लावला तर तिच्या डोळ्यातच पाणी. "हे दळण-मिठाला पुरंल. अर्ध विकू, महिना तरी निघंल."

"न्हाई. हे सणाला द्यायचं."

"सगळं?"

"ऐकलं न्हाईस का श्रीमंत काय बोलला? सरापुढं परत बोलंल. अन् पहिलं फळ देवाचंच असतं, रूपाली. लोकांना शिकवतो अन् आपण ठेवून घेतो, ते कसं?"

तिनं पोत्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणली, "ठीक हाय. देवाचं ते देवाचं."

शनवारी पाऊस आलाच न्हाई. अमरेश वस्तीत सणासाठी सतरंज्या गोळा करायला गेला, अन् रूपालीनं काय केलं, की देवापुढं कचऱ्याचा माल कसा ठेवावा म्हणून सगळं सोयाबीन सुपात घेऊन पाखडलं. खडे काढले, फोलपट काढलं. पोतं मातीनं भरलेलं, ते नळावर घासून धुतलं, वाळत घातलं. वाळल्यावर बघितलं तर शिवण बाहेर, दोरे लोंबलेले. उलटं पोतं वेदीपुढं बरं दिसंल का? तिनं ते सुलटं केलं, भरलं, तोंड शिवलं, वर झेंडूची माळ बांधली. रेघांवर माळ आली. देवाला द्यायचं म्हणून तिनं इतकी माया केली, अन् तिथंच सगळं फसलं.

रविवारी वैजनाथ सर आले, पांढरी गाडी, पांढरा सदरा, सोबत पुढच्या वर्षाची क्यालेंडरं. वेदीपुढं ज्वारीची धाटं, भोपळे, अंडी, केवळाबाईची शेंगदाण्याची पुरचुंडी, अन् मधोमध झेंडूच्या माळेचं पोतं. सर बोलायला उठले अन् दीड तास बोलले. विषय काय, तर पाळकांची तंगी.

"लोह्याकडचा आपला एक पाळक," सर म्हणले, "मदत दोन महिने लांबली तर वीटभट्टीवर गेला! विटा उचलायला! आठ दिवसांत मी नवा पाळक पाठवला. कारण तो पडला नव्हता, तो अविश्वासी झाला होता. अन् दुसरा एक ब्रदर, दारू प्यायचा. चर्चची पेटी फोडली त्यानं! पण रडला, गुडघ्यावर आला, कबूल केलं. आज तो गावोगाव साक्ष देतो, त्याला आपण मोटारसायकल दिली. पडलेल्याला देव उठवतो, बंधूंनो. भरोसा सोडलेल्याचं मात्र देव पण काही करू शकत नाही."

अमरेश पहिल्या रांगेत, हात मांड्यांखाली दाबून. मांड्यांखाली काटे टोचून राहिले होते.

उपासना झाली अन् हर्रास सुरू झाली. ती रीतच हाय, सणाला आलेली जिन्नस तिथंच बोली लावून विकायची. हर्राशीला श्रीमंत उभा. एका अंड्याची बोली पन्नासावर गेली, भोपळा सरांनी घेतला, लोक टाळ्या वाजवून राहिले. मग श्रीमंत पोत्याकडं वळला.

"अन् हे आपल्या पास्टरचं! बघा, आम्ही म्हणलो अन् आमच्या पास्टरनं मनावर घेतलं!" तो खूश झाला होता, खरंच खूश. त्यानं पोतं सगळ्यांना दिसावं म्हणून दोन्ही हातांनी उचललं. माळ घसरली.

निळ्या तीन रेघा.

श्रीमंतनं पोतं खाली ठेवलं. रेघांवरनं बोट फिरवलं. "हे तर गुरुबसप्पाचं पोतं हाय."

मागच्यांनी पोतं बघायला माना वर केल्या.

"दर हंगामात मी वाहतो. हजारात वळखतो मी. पास्टर, हे तुमच्याकडं कसं?"

रूपालीला आत्ता कळलं पोतं उलटं का होतं ते. ती उठली, "अहो भाऊ, ते तर—" अन् अमरेशनं तिचा हात असा दाबला की बांगडी फुटली.

सर पुढं आले. आवाज मऊ. "ब्रदर अमरेश. देवापुढं उभे आहात. हे तुम्हाला कोणी दिलं? का दिलं? का चोरलं?"

अमरेशनं सरांच्या तोंडाकडं बघितलं. मजुरी म्हणलं की आठ दिवसांत नवा पाळक, अन् रूपालीला घेऊन कुठं जायचं, ना गाव ना शिवार, बाप होता तो बी ह्याच खोलीत मेला. अन् पेटी फोडणाऱ्याला मोटारसायकल. दीड तास त्यानं तेच ऐकलं होतं. कपाळावरचा घाम नाकावर आला, पुसायला हात काढायची सोय नव्हती.

"चोरलं," तो म्हणला.

बायांनी पदर तोंडाला लावले. कोणीतरी म्हणलं, "म्हणून रोज अंधारात सायकल काढायचा."

अन् सर? सरांचा चेहरा उजळला हो. "गुडघ्यावर या, ब्रदर!" म्हणले. सोबतच्या माणसाला खूण केली, त्यानं मोबाईल धरला, शूटिंग सुरू. सगळ्यांनी अमरेशच्या डोक्यावर, खांद्यावर हात ठेवले, सर रडत प्रार्थना करून राहिले, वस्ती रडून राहिली. केवळाबाई चाचपत चाचपत पुढं आली, तिला डोकं सापडलं न्हाई, त्याचा हात सापडला. तिनं तो उलटा केला.

"ह्यो चोराचा हात न्हाई," ती मोठ्यानं म्हणली. "चोराचा हात मऊ असतो. माझा नवरा कोतवाल होता, मला सांगू नका. ह्या हातात काटे हायत, हे बघा, कुसळं हायत—"

"माय, गप बस!" अमरेश तिच्यावर असा वसकला की म्हातारी मागं बसली. हात त्यानं हिसकून घेतला. उभ्या जन्मात त्या बाईवर कोणी ओरडलं नव्हतं असं न्हाई, पण पास्टर ओरडला नव्हता.

"आता ज्याचं आहे त्याला परत करा," सर म्हणले, "अन् त्याच्या पाया पडा. साक्ष पूर्ण झाली पाहिजे."

श्रीमंतनं पिकअप काढली. पुढं सर, मागं हौद्यात अमरेश, पोतं अन् मोबाईलवाला. रूपाली घरीच राहिली. रस्त्यात दर खड्ड्याला पोतं त्याच्या अंगावर येत होतं, अन् त्याच्या डोक्यात एकच. गुरुबसप्पा खरं बोलला तर? "अरे, मीच तर दिलं ह्याला, माझ्याकडं कामाला होता," इतकंच बोलला तरी खलास, मजूर बी अन् खोटारडा बी. तर त्या हौद्यात, आयुष्यात पहिल्यांदा, अमरेशनं दुसऱ्या माणसानं खोटं बोलावं म्हणून प्रार्थना केली.

गुरुबसप्पा वाड्यापुढं खाटेवर बसलेला. बाजूला शकिला पाखडून राहिली होती. पिकअप थांबली, श्रीमंतनं सगळं सांगितलं. पास्टर, चर्च, चोरी, पश्चात्ताप. गुरुबसप्पा ऐकत होता अन् अमरेशकडं बघत होता. अमरेशनं डोळे वर केले. नुसत्या डोळ्यानं हात जोडले म्हणा ना.

गुरुबसप्पा काही येडा न्हाई. तो आधी बुचकळ्यात पडला, मग त्यानं सरांचा पांढरा सदरा बघितला, चालू मोबाईल बघितला, मग पोतं बघितलं, अन् मग त्याच्या तोंडावर हळूहळू असं काही आलं की शकिलाचं सूप थांबलं.

"हाव," गुरुबसप्पा म्हणला. "माझंच हाय. दोन दिसापासून धुंडून राहिलो."

प्रार्थना ऐकल्या गेली होती.

"या अल्ला!" शकिला उठली. "काका, तुम्हीच तर—"

"शकिला, सूप चालव. तुझा बी हिशेब दिवाळीनंतरच हाय."

शकिला उभीच राहिली. मग खाली बसली. सूप चाललं.

अमरेशनं गुरुबसप्पाच्या पायाला हात लावला. पायाला कालचीच माती, त्याच शेताची. सर म्हणले, "माफ केलं म्हणा, बंधू," अन् गुरुबसप्पा मोबाईलकडं बघून म्हणला, "केलं माफ. पण त्यानं आणलं तसं स्वतः आत नेऊन टाकावं. पाठीवर." अमरेशनं पोतं पाठीवर घेतलं. मागं शूटिंग. आत अंधारात पोत्यांची थप्पी, सगळ्या तीन रेघांच्या, त्यानं आपलं त्यांच्यावर ठेवलं. बाहेर येताना गुरुबसप्पा दारातच होता, हळूच म्हणला, "दिवाळीनंतर काही मागायला येऊ नको बरं का, पास्टर. चोराचा कसला हिशेब?"

शकिलाच्या पुढनं गेला तर ती सुपातनं मान वर न करता म्हणली, "पास्टर होतास तू? अन् असं?" बस, तेवढंच.

पंधरा दिवसांनी मदत आली, दोन महिन्यांची एकदम. सोबत सरांचा फोन, व्हिडिओ लई चालला, नांदेडला पाळकांची प्रोत्साहन सभा हाय, तिथं साक्ष द्या. अमरेश गेला. मांडवात दोनशे पाळक, निम्म्यांच्या चपलांना तारा बांधलेल्या, मागं मोठा बोर्ड, तंगीवर विजय. तो उभा राहिला अन् म्हणला, माझ्या लेकराबाळांच्या—मग आठवलं आपल्याला लेकरंच न्हाईत, सरांनी लिहून दिलेला कागद दुसऱ्याचा होता, तर तिथनं पुढं वाचलं. मी उपाशी होतो, मी चोरी केली, मी कबूल केलं, देवानं दिलं. दोनशे पाळकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या एकाच्या टाळ्यांचा आवाज वेगळा येत होता, अमरेशनं बघितलं, तर त्याच्या तळव्याला चिंध्या गुंडाळलेल्या. दोघांनी एकमेकांकडं बघितलं अन् दोघांनी नजर काढून घेतली.

मोटारसायकल काही मिळाली न्हाई. मदत परत लांबली. कामाला कोण ठेवणार? पंचक्रोशीत व्हिडिओ पोचलेला. घरभेटीला गेला की बाया आधी कोंबड्या झाकायच्या, मग सलाम पास्टर म्हणायच्या. शेवटी रूपाली हरभरा-करडई काढायला मजुरीनं गेली, कागदावर तिची सही नव्हती. नवऱ्याशी ती बोलायची, पण भांड्याकडं बघून. रात्री ती हाताला खोबरेल लावत बसायची अन् अमरेश सुई घेऊन तिच्या तळव्यातले काटे काढायचा, तेवढं एकच काम त्याला उरलं होतं.

फाल्गुनातल्या एका रविवारी केवळाबाई परत पुढं आली. सणापासून ती डोकं पुढं करत नव्हती. त्या दिवशी काय वाटलं तिला देव जाणे, पदर मागं सारला, मान वाकवली. अमरेशनं हात ठेवला, प्रार्थना केली, आमेन म्हणला.

हात उचलला. एक केस अडकला न्हाई.

म्हातारीनं तो हात धरला, अंगठ्यानं तळवा चाचपला, इकडून तिकडं, पार बोटाच्या टोकापर्यंत. मग त्याच्याच मांडीवर नीट ठेवून दिला, दुसऱ्याची वस्तू परत करावी तसा.

"मऊ झाला, पास्टर," ती म्हणली.